प्रार्थनेत आपण नेमके मागायला का कचरतो?

वडगावचा मास्तर

सर्वांना जय ख्रिस्त.

तीन आठवड्यांपूर्वी बेळगावातल्या वडगाव भागात एका विणकराच्या घरी प्रार्थनेसाठी गेलो होतो. पुढच्याच खोलीत माग, त्यावर अर्धवट राहिलेली साडी, बाजूला टोपलीत भरून ठेवलेल्या सुताच्या कांड्या. घरधनी खाटेवर बसून होते. अर्धांगवायूच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू गेली होती. पाय थोडाफार उचलत होता, हात मात्र कोणी मांडीवर ठेवला तर ठेवला तसाच पडून राहत होता. गेली अनेक वर्षे मी मंडळीत घरगुती प्रार्थना चालवतो, त्यामुळे शब्द शोधावे लागत नाहीत. डॉक्टरांना सद्बुद्धी दे, कुटुंबाला धीर दे, लेकरांना सांभाळ, घरातील गरजा पुरव आणि सर्व काही तुझ्या पवित्र इच्छेप्रमाणे होवो, अशी मी प्रार्थना केली. आमेन झाले, चहा आला. कप माझ्या हाती देताना त्या घरच्या बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, हलक्या आवाजात म्हणाल्या, "सर, सगळं मागितलं की तुम्ही. त्यांचा हात तेवढा मागितला नाहीसा."

मला उत्तर सुचले नाही. वाटेत मी मनाशी आपली बाजू मांडत राहिलो की देवाची इच्छा मागणे हीच सर्वश्रेष्ठ प्रार्थना आहे. परंतु रात्री प्रामाणिकपणे विचार केला तेव्हा मान्य करावे लागले की त्या घरात मी देवाच्या इच्छेला शरण गेलो नव्हतो. मला भीती वाटली होती. हात मागितला आणि हात हलला नाही तर त्या बाईंसमोर देवाचे आणि माझे काय होईल, ही ती भीती होती. म्हणून जे मिळाले की नाही हे कधी तपासताच येणार नाही, तेवढेच मी मागितले. धीर मिळाला की नाही हे कोण मोजणार?

त्यानंतर पवित्र शास्त्र त्या बाईंच्या वाक्यासह पुन्हा वाचतो आहे. यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय दयेची याचना करीत ओरडतो, आणि त्याला काय हवे हे उभ्या गर्दीला दिसत असतानाही प्रभू त्याला विचारतो की मी तुझ्यासाठी काय करावे (मार्क १०:५१). "दया कर" एवढ्यावर प्रभूने त्याला सोडले नाही, "दृष्टी" हा शब्द त्याच्या तोंडून यावा लागला. लूकच्या अकराव्या अध्यायात मध्यरात्री शेजाऱ्याचे दार ठोठावणारा माणूस "काही मदत करा" असे म्हणत नाही, तो तीन भाकरी मागतो. आपल्या मराठी शास्त्रात त्याच्या वागण्याला "आग्रह" म्हटले आहे, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र चक्क निर्लज्जपणा असा आहे. प्रभूने प्रार्थनेसाठी हे उदाहरण निवडावे, याचा विचार मी शिक्षक असूनही आजवर केला नव्हता.

माझ्या मनाला सर्वांत जास्त लागलेला भाग २ राजे १३ मधला आहे. अलीशा संदेष्टा मृत्युशय्येवर आहे, राजा योवाश रडत त्याच्याकडे आला आहे. अलीशा त्याला बाण हाती घेऊन जमिनीवर मारायला सांगतो. राजा तीनदा मारतो आणि थांबतो. संदेष्टा रागावतो, कारण पाच-सहा वेळा मारले असते तर शत्रू असलेल्या अरामाचा पूर्ण पराभव झाला असता. राजाने आज्ञा मोडली नव्हती, नकारही दिला नव्हता. त्याने बेताने केले, एवढाच त्याचा दोष. माझी वडगावातली प्रार्थना त्या तीन ठोक्यांसारखी होती.

आपल्या सीमाभागातील मंडळ्यांमध्ये आपण असे सावधपणे मागायला का शिकलो, आणि यातून बाहेर कसे पडावे, यावर आपले अनुभव मोकळेपणाने लिहावेत ही विनंती.

दूधगंगाकाठ

सर, आपण ज्याला सावधपणा म्हणता, तो आमच्याकडे पुराने शिकवला. मी निपाणीजवळच्या एका गावात शेती करतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा एकाच वेळी फुगल्या, तेव्हा आमचा उभा ऊस कित्येक दिवस पाण्याखाली होता आणि आम्ही शाळेच्या खोलीत राहत होतो. त्या दिवसांत आमच्या प्रार्थना लहान झाल्या आणि त्या नंतर वाढल्याच नाहीत. त्याआधी आम्ही गावात प्रार्थनामंदिर व्हावे, व्यसनात बुडालेली चार घरे सावरावीत, तरुण पोरांनी पुढे यावे, असे नाव घेऊन मागत असू. आता प्रत्येक रविवारी "आजवर राखलेस, पुढेही राख" एवढेच म्हणून आम्ही उठतो. उपकारस्तुती योग्यच आहे, परंतु तेवढ्यावर मागणे संपते, हे आपला धागा वाचेपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते.

कर्मेल डोंगरावरचा एलीया संदेष्टा मला शेतकरी म्हणून जवळचा वाटतो. पाऊस येणार असे देवाने आधीच सांगितले होते, तरी तो गुडघ्यांत डोके घालून प्रार्थना करतो आणि सेवकाला समुद्राकडे बघायला पाठवतो. सहा वेळा सेवक काहीच नाही म्हणून परत येतो, सातव्या खेपेला तळहाताएवढा ढग दिसतो (१ राजे १८:४४). प्रार्थना करून आकाशाकडे बघायला माणूस पाठवणे, ही अपेक्षा. आम्ही प्रार्थना करतो आणि बघायला कोणाला पाठवत नाही. पाठवले तर "काहीच नाही" हे उत्तर ऐकावे लागेल, तेही सहा वेळा, आणि ते ऐकण्याची आमची तयारी नसते.

रानवाट

मी खानापूर तालुक्यातील कॅथलिक कुटुंबातला आहे. आमच्याकडे नोव्हेना सुरू करताना नऊ दिवस कशासाठी प्रार्थना करायची तो हेतू पहिल्याच दिवशी ठरवून देवापुढे ठेवतात. माझी आई तो कागदाच्या चिठ्ठीवर लिहून जपमाळेच्या डबीत ठेवीत असे. आपण म्हणता ते नेमके मागणे आम्हाला परके नाही. मात्र दहाव्या दिवशी डबी उघडून ती चिठ्ठी पुन्हा वाचणारी आमच्या घरात आई एकटीच होती, हेही इथे नोंदवतो.

खानापूरची लेक

हा धागा दोन दिवस वाचते आहे आणि लिहू की नको अशा मनःस्थितीत होते.

आमची मुलगी अकराव्या वर्षी गेली. रक्ताचा आजार होता. आम्ही नेमके मागितले होते. तिचे नाव घेऊन, आजाराचे नाव घेऊन, तपासणीच्या कागदावरचे आकडे देवाला वाचून दाखवून मागितले होते. उपास केले, रात्री जागवल्या, पूर्ण मंडळी आमच्यासोबत होती. मास्तरांनी ज्याला निर्लज्जपणा म्हटले आहे तो आम्ही केला. ती गेल्यावर महिनाभराने बाहेरगावाहून आलेल्या एका उपदेशकाने आमच्या बैठकीच्या खोलीत बसून सांगितले की घरात कोणाचा तरी विश्वास कमी पडला असावा. माझे पती त्या दिवसापासून मंडळीत येत नाहीत. मी येते, मागच्या बाकावर बसते.

म्हणून माझी एक विनंती आहे. धैर्याने मागा असे जेव्हा आपण शिकवता, तेव्हा ज्यांनी धैर्याने मागितले आणि ज्यांना मिळाले नाही, त्यांच्यासाठी त्या शिकवणीत जागा ठेवा. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायाचा पहिला भाग सगळे वाचतात, ज्यात विश्वासाने सिंहांची तोंडे बंद झाली आणि तलवारीची धार चुकली. पस्तिसाव्या वचनाच्या मध्यावर तोच अध्याय वळतो, आणि ज्यांचे हाल झाले, ज्यांना करवतीने कापले, तेही विश्वासाच्याच यादीत येतात. तो अर्धा भाग आमच्या मंडळीत मोठ्याने वाचलेला मी एकदाही ऐकला नाही.

मी देवाला सोडलेले नाही. फक्त गेली सहा वर्षे मी स्वतःसाठी काहीही मागितलेले नाही.

वडगावचा मास्तर

ताई, आपण लिहिलेत यासाठी मी आपला ऋणी आहे. माझ्या पहिल्या लेखनात ती जागा नव्हती, हे मी मान्य करतो. त्या उपदेशकाने जे सांगितले ते शास्त्राला धरून नव्हते. पौलाने आपल्या देहातील काट्यासाठी तीन वेळा विनंती केली आणि काटा निघाला नाही, उत्तर म्हणून कृपा मिळाली (२ करिंथ १२:८-९). पौलाचा विश्वास कमी पडला असे कोणी म्हणणार आहे काय? दुःखात बसलेल्या आईबापांना असे सांगणे हे त्यांच्यावर दुसरा घाव घालणे आहे, आणि मंडळीच्या वतीने कोणीतरी आपल्या पतींची क्षमा मागायला हवी होती.

आपले लिहिणे वाचून मी गेथशेमाने बागेचा भाग पुन्हा काढला. "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" हे शब्द मी ज्या सहजतेने वापरत आलो, ते मूळ कुठे आणि कसे उच्चारले गेले, हे मला पाहायचे होते. तिथे प्रभू आधी मागतो. हा प्याला माझ्यावरून टळून जावो, असे तो स्पष्ट म्हणतो, पालथा पडून म्हणतो, आणि मत्तयाच्या नोंदीप्रमाणे तीन वेळा म्हणतो. मागणे पूर्ण उघडे करून झाल्यावर तो ते पित्याच्या इच्छेखाली ठेवतो. माझ्या प्रार्थनेत ठेवण्यासारखे काही नव्हतेच, कारण मी मागितलेच नव्हते. ताई, आपण दोघांनी जे केले ते गेथशेमानेतले होते, मी केले ते नव्हते. शद्रख, मेशख आणि अबेद्नगो त्यांना अग्नीच्या भट्टीत टाकू पाहणाऱ्या राजाला सांगतात की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने सोडवले नाही तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही (दानीएल ३:१७-१८). ही दोन्ही वाक्ये एका श्वासात म्हणणारा विश्वास मला अजून यायचा आहे. आपण तो सहा वर्षे मागच्या बाकावर बसून जगत आहात.

मिरजेची परिचारिका

मी मूळची चिकोडीची, नोकरीची सर्व वर्षे मिरजेत काढली. डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत १८९४ साली मिशनचा दवाखाना उभारला आणि तेव्हापासून बेळगाव, चिकोडी, अथणीकडचे रुग्ण मिरजेला येत राहिले. प्रार्थना आणि उपचार एकाच छपराखाली चालतात, हे पाहतच मी मोठी झाले, म्हणून दोन गोष्टी सांगणे माझे कर्तव्य समजते.

पहिली गोष्ट काळजीची आहे. मोठ्या विश्वासाची शिकवण ऐकून रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या बंद करणारे रुग्ण मी पाहिले आहेत, आणि त्यातील काही पुढे अर्धांगवायू होऊनच आमच्याकडे आले. गोळी घेणे हा अविश्वास नाही. हिज्कीया राजा मरणोन्मुख असताना देवाने त्याचे अश्रू पाहिले, त्याला पंधरा वर्षे वाढवून दिली, आणि तरीही यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिराचे पोटीस बांधायला लावले (२ राजे २०:५-७). अभिवचन देवाचे आणि पोटीसही देवाचेच.

दुसरी गोष्ट मास्तरांच्या विणकरबंधूंविषयी. झटक्यानंतर पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वाधिक असतो. हा काळ खाटेवर बसून घालवू नये. बोटे उघडणे, मिटणे, वस्तू धरणे, सोडणे, हे फिजिओथेरपिस्टने दाखवल्याप्रमाणे दिवसातून अनेकदा, शेकडो वेळा करावे लागते. घरातील माणसे चांगल्या हाताने सगळे करू देतात आणि दुबळा हात मागे पडतो, ही नेहमीची चूक आहे. ज्या हातासाठी प्रार्थना केली, त्याच हाताला रोज काम द्या. हात मिळणार अशी अपेक्षा खरोखर असेल तर ती व्यायामात दिसेल. विधवेच्या तेलाची गोष्ट आठवा. अलीशा तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगतो आणि थोडकी आणू नकोस असे बजावतो. भांडी संपली तेव्हा तेल थांबले (२ राजे ४:६).

मराठी-कन्नड

माझा मुद्दा भाषेचा आहे. आमच्या मंडळीत सकाळी कन्नड आणि त्यानंतर मराठी उपासना होते आणि मी दोन्हींना बसतो. व्यासपीठावरची प्रार्थना दोन्ही भाषांत सारखीच जड असते. "हे परमदयाळू, कृपाळू, स्वर्गीय पित्या" येथपासून सुरू झालेले वाक्य मागण्यापर्यंत पोहोचेतो ऐकणारे अर्धे दमलेले असतात. माझी आजी घरी चुलीपुढे बसून जोराने म्हणत असे, "बापा, ह्या पोराला गणितात तेवढं काढ की वर." तिला आमेनच्या आधी सजावट लागत नसे. मी त्या वर्षी गणितात पास झालो, आणि एका बहिणीच्या लग्नासाठी तिने तशाच शब्दांत अकरा वर्षे मागितले. मास्तर म्हणतात ती भीती आपण बहुधा अशा भरगच्च शब्दांमागे लपवत असतो.

जुनी पाने

दूधगंगाकाठ यांनी "काहीच नाही" हे सहा वेळा ऐकण्याचा उल्लेख केला, त्यावरून मिशनरी विल्यम केरी आठवले. मोठ्या अपेक्षेच्या विषयात त्यांचे नाव नेहमी घेतले जाते. १७९२ च्या मे महिन्यात नॉटिंगहॅम येथे त्यांनी यशया ५४:२ वर, म्हणजे आपल्या तंबूची जागा वाढव या वचनावर उपदेश केला आणि देवाकडून मोठ्या गोष्टींची अपेक्षा करा, देवासाठी मोठ्या गोष्टी हाती घ्या, असे श्रोत्यांना सांगितले. हे वाक्य आपण भिंतींवर लिहितो. त्यापुढची वर्षे आपण लिहीत नाही. १७९३ मध्ये ते बंगालला पोहोचले, पुढच्याच वर्षी त्यांचा लहान मुलगा वारला, पत्नीचे मानसिक स्वास्थ्य ढासळले ते सावरले नाही, आणि कृष्ण पाल या सुताराचा पहिला बाप्तिस्मा झाला तो २८ डिसेंबर १८०० रोजी. मोठ्या अपेक्षेच्या उपदेशानंतर साडेआठ वर्षे गेली होती. १८१२ च्या मार्चमध्ये बंगालमधील श्रीरामपूरच्या (सेरामपूर) त्यांच्या छापखान्याला आग लागून टाईप, कागद आणि हस्तलिखिते जळाली, तरी काम पुन्हा उभे राहिले. आपल्याशी याचा थेट संबंध असा की त्याच श्रीरामपूरहून १८०५ मध्ये केरींचे मराठी व्याकरण आणि १८११ मध्ये मराठी नवा करार निघाला. १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बेळगावात आले, त्याच्या नऊ वर्षे आधीची ही गोष्ट.

मास्तरांना मात्र मला दुसरी एक घटना सांगायची आहे. ब्रिस्टल येथे जॉर्ज म्युलर यांनी अनाथाश्रम काढताना पैशासाठी, घरासाठी, सामानासाठी, कामाला लागणाऱ्या माणसांसाठी, प्रत्येक गोष्टीसाठी नावानिशी प्रार्थना केली होती आणि ते सर्व मिळाले होते. फेब्रुवारी १८३६ मध्ये मुलांचे अर्ज घेण्याच्या ठरलेल्या दिवशी ते वाट पाहत बसले आणि एकही अर्ज आला नाही. तेव्हा त्यांच्या लक्षात आले की मुले येतीलच असे गृहीत धरून आपण मुलांसाठी प्रार्थनाच केलेली नाही. त्या संध्याकाळी त्यांनी ती केली आणि दुसऱ्या दिवशी पहिला अर्ज आला. पुढे त्यांच्या आश्रमांत सुमारे दहा हजार मुले वाढली. म्युलर आपली मागणी आणि तिचे उत्तर तारखेसह लिहून ठेवीत. मास्तरांना हात मागायचा राहिला, म्युलरना मुले मागायची राहिली होती.

रानवाट

काही जण मोठ्या अपेक्षेच्या नावाखाली गाडी, जागा आणि परदेशाचा व्हिसा मागत राहतात, त्याविषयी कोणी लिहिले नाही. याकोब ४:२ म्हणते की तुम्ही मागत नाही म्हणून तुम्हाला मिळत नाही, आणि लगेच पुढचे वचन म्हणते की चैनीसाठी मागता म्हणूनही मिळत नाही. दोन्ही वचने शेजारी आहेत, ती शेजारीच वाचावीत.

खानापूरची लेक

मास्तर, आपले उत्तर मी पतींना वाचून दाखवले. ते काही बोलले नाहीत. रात्री जेवताना त्यांनी विचारले की हे सर वडगावात कुठे राहतात.

म्युलर यांच्यासारखी आपणही मागण्यांची वही ठेवणार असाल तर त्यात माझी एक मागणी लिहावी. ते पुन्हा माझ्याशेजारी बाकावर बसावेत, हीच ती मागणी. सहा वर्षांनी पहिल्यांदा काही मागते आहे, त्यामुळे हात थरथरतो आहे.

वडगावचा मास्तर

ताई, लिहिले. आजच्या तारखेसह, पहिल्या पानावर. पती येणार असतील तर बसस्थानकावर घ्यायला मी स्वतः येईन, त्यांनी वेळ तेवढी कळवावी.

काल पुन्हा त्या विणकरांच्या घरी गेलो होतो. या वेळी मी बाईंनाच आधी प्रार्थना करायला सांगितली. त्या चार वाक्ये बोलल्या, त्यांत तीनदा "हात" हा शब्द होता. मग मी त्यांच्या पतींचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला आणि या हाताने पुन्हा कांडी धरावी, पुन्हा माग चालवावा, असे मागितले. बोलताना माझा आवाज स्थिर नव्हता. शेवटी तुझ्या इच्छेप्रमाणे होवो असेही म्हणालो, आणि या वेळी ते म्हणणे मला जड गेले.

मिरजेच्या ताईंनी लिहिलेले सर्व मी त्यांना वाचून दाखवले. फिजिओथेरपिस्टकडे ते दहा दिवसांपासून जात आहेतच. बाईंनी टोपलीतली एक रिकामी कांडी काढून पतींच्या बोटांमध्ये ठेवली. अंगठा आणि पहिले बोट जवळ आले, कांडी क्षणभर राहिली आणि फरशीवर पडली. त्यांनी पुन्हा ठेवली, पुन्हा पडली. दुसऱ्यांदा पडली तेव्हा ती उचलायला त्यांनी डावा हात पुढे केला, आणि बाईंनी तो हलकेच बाजूला सारला.